रमण चालतो, रमेश अडतो

वेबसाइटचे कोरे पान तयार करायला आजच्या डेव्हलपरला फारसे काही टाइप करावे लागत नाही. व्हीएस कोड उघडायचे, उद्गारचिन्ह टाकायचे, टॅब दाबायचा. एचटीएमएलचा अख्खा सांगाडा पडद्यावर हजर होतो. ही सोय एमेट नावाच्या साधनाची. ती इतकी अंगवळणी पडली आहे की सांगाड्यातली दुसरी ओळ सहसा कोणी वाचतच नाही. त्या ओळीत ब्राउझरला सांगितलेले असते की या पानाची भाषा ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी. मग त्यात नागपूरजवळच्या वाडीतल्या एखाद्या ट्रान्सपोर्ट ऑफिसचे भाडेदर भरा, पतसंस्थेचे ठेवींवरचे व्याज भरा की पाणीपट्टीची सूचना भरा. मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठी असतो आणि पान मात्र स्वतःला इंग्रजी म्हणवत राहते. यात कोणाचा द्वेष नाही, कटही नाही. तयार तुकडा जिथे घडला तिथली भाषा तो सोबत घेऊन आला, एवढेच.

असे तयार तुकडे, ज्यांना या धंद्यात स्निपेट म्हणतात, फ्रंट-एंडच्या कामाचा कणा आहेत. फॉर्ममधला मोबाइल नंबर तपासणे, रक्कम स्वल्पविराम देऊन दाखवणे, यादी क्रमाने लावणे, बटणाला सावली देणे ही कामे रोज नव्याने कोणी लिहीत नाही. जपून ठेवलेल्या फाइलीतून किंवा इंटरनेटवरून उचलतात. हे तुकडे शेवटी कुठे पोचतात ते वाडीत दिसते. नागपूरहून अमरावती मार्गावर विद्यापीठाचे आवार मागे टाकून पुढे गेले की ती लागते. अंबाझरीचा आयुध कारखाना, गोदामे, ट्रकांची गर्दी आणि पलीकडे हिंगण्याची एमआयडीसी व त्या रस्त्यावरची अभियांत्रिकी महाविद्यालये असा हा पट्टा आहे. इथल्या लहान धंद्यांना लागणाऱ्या साइट्स मोठ्या कंपन्या करत नाहीत. त्या करतो नुकता शिकून बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी, ठरलेल्या थोड्या पैशांत आणि ठरलेल्या मुदतीत. त्यांच्याकडच्या तुकड्यांत जे दोष असतात, ते गावाच्या वाट्याला येतात. म्हणून मराठीसाठी पारखून घेतलेल्या तुकड्यांची आणि टिपणांची एक सामाईक वही असायला हवी, आणि ती सार्वजनिक खर्चाने सांभाळली जायला हवी, असे माझे म्हणणे आहे. भाषाप्रेमापेक्षा त्यामागे कामकाजाची कारणे जास्त आहेत.

त्या ‘ईएन’चेच घ्या. डोळस माणसाला त्याने काही फरक पडत नाही असे वाटते, पण दृष्टिहीन माणूस पान ऐकतो, आणि ऐकवणारे सॉफ्टवेअर कोणता आवाज लावायचा हे या खुणेवरून ठरवते. इंग्रजी आवाजाला देवनागरी वाचता येत नाही. काही सॉफ्टवेअर लिपी ओळखून स्वतःच आवाज बदलतात, पण लिपीवरून भाषा कळत नाही. देवनागरी दिसली की हिंदी समजून मोकळे होतात. मग ज्ञानेश्वरांचे ‘ग्यानेश्वर’ होतात आणि ‘चांगला’मधला च हिंदी ‘चाँद’मधल्या चसारखा ऐकू येतो. नागपूरच्या परिसरात हिंदी आणि मराठी एकाच पाटीवर शेजारी नांदतात, त्यामुळे इथे हा घोटाळा पुण्यापेक्षा जास्त होणार. ऐकण्याचे सोडा, दिसण्यातही फरक पडतो. मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीतल्या ल-श पेक्षा वेगळे आहेत. राज्य शासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये वर्णमालेबाबतचे शासन निर्णय काढून ही वळणे ठरवून दिली. नोटोसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात. पान मराठी आहे असे सांगितले तर मराठी वळण मिळते, नाही सांगितले तर हिंदी. शासन निर्णय पाळायला इथे नवा फॉन्ट विकत घ्यावा लागत नाही, दोन अक्षरे बदलावी लागतात.

हा दोष सहजासहजी सापडतही नाही. वेबएम ही अमेरिकेतली संस्था दरवर्षी दहा लाख होमपेजेस तपासते. त्यात सर्रास आढळणाऱ्या सहा चुकांमध्ये पानाची भाषा न सांगणे ही एक असते. आपल्याकडची गोष्ट त्याहून अवघड आहे, कारण भाषा सांगितलेली असते आणि ती चुकीची असते. तपासणी करणारे यंत्र रकाना भरलेला पाहते आणि हिरवी खूण देऊन पुढे जाते.

आता फॉर्मकडे वळू, कारण सामान्य माणसाची वेबसाइटशी गाठ पडते ती तिथे. नाव तपासण्याचा सर्वांत जास्त फिरणारा तुकडा म्हणतो की नावात इंग्रजी ‘ए’ ते ‘झेड’ आणि रिकामी जागा एवढेच चालेल. मराठीत नाव लिहिणारा दारातच अडतो. एखादा जाणता डेव्हलपर हे ओळखतो आणि शोधाशोध करून नवी रीत आणतो. २०१८ पासून जावास्क्रिप्टमध्ये ‘कुठल्याही लिपीतले अक्षर’ असे सांगण्याची सोय आहे. तो ती वापरतो, ‘रमण’ टाकून बघतो, ‘कमल’ टाकून बघतो, दोन्ही चालतात, काम झाले म्हणून तो साइट सोपवतो. दुसऱ्या दिवशी ‘रमेश’ अडतो. ‘कविता’ही अडते. कारण युनिकोडच्या हिशेबात म हे अक्षर आहे, पण त्यावरची मात्रा हे अक्षर नाही, ती खूण आहे, आणि खुणांचा वर्ग वेगळा. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त सगळ्यांची गत तीच. अक्षरे आणि खुणा दोन्ही चालतील असे सांगितले की प्रश्न मिटतो. दुरुस्ती पाच-सहा चिन्हांची आहे. पण ती करायला मराठी कसे लिहिले जाते आणि संगणक ते कसे साठवतो, हे दोन्ही ठाऊक असलेला माणूस लागतो. अशी माणसे आहेत, फक्त त्यांचे शहाणपण ज्याच्या त्याच्या फाइलीत राहते.

एवढ्यानेही वऱ्हाडपांड्यांची सुटका होत नाही. त्यांच्या नावातला र म्हणजे डोक्यावर न चढता आडवा बसणारा र, आणि तो लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एकीत खाली टिंब असलेला वेगळा ‘ऱ’ वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात आणि संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द वाटतात. नाव एका कीबोर्डवरून नोंदवले आणि शोधणाऱ्याने दुसऱ्यावरून टाइप केले तर ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर येते. ‘ॲम्ब्युलन्स’मधल्या ॲचेही तसेच: २००८ मध्ये युनिकोडने त्याला स्वतःची जागा दिली, तरी अ वर चंद्र देऊन लिहिलेला जुना प्रकार अजून फिरतो. युनिकोडमधली एकरूप करण्याची ठरीव प्रक्रिया या दोन्ही जोड्यांना जुळवून देत नाही. ते काम तुकडा लिहून आपणच करायचे आहे. वऱ्हाडाच्या शेजारी राहून ‘वऱ्हाड’ हा शब्द शोधता येऊ नये, हे काही बरे नव्हे.

आकड्यांची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. जावास्क्रिप्टला ‘अंक’ म्हणजे फक्त इंग्रजी अंक. मोबाइल नंबर देवनागरीत टाकला की दहा आकडे बरोबर असूनही तो ‘अवैध’ ठरतो. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि नऊपर्यंतचे अंक त्याच्यापुढे ओळीने येतात. म्हणजे प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की झाले. तुकडा एका ओळीचा. रकमेचे म्हणाल तर उचललेला तुकडा बहुधा १,२३४,५६७ असे दाखवतो. ट्रकचे भाडे आणि डिझेलचा हिशेब रोज पाहणारा माणूस तिथे क्षणभर थबकतो, त्याला १२,३४,५६७ हवे असते. ब्राउझरला भाषा मराठी आणि देश भारत एवढे सांगितले तर तो लाख-कोटींची मांडणी आणि देवनागरी अंक दोन्ही आपणहून देतो. इंग्रजी अंक हवे असतील तर तसे वेगळे सांगता येते. यादीच्या क्रमातही अशीच गंमत आहे. युनिकोडमध्ये ळ हा व च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेत ह च्या नंतर. म्हणून साध्या क्रमवारीत काळे आधी आणि कावळे नंतर येतात, खरे तर उलट हवे. ळ ने सुरू होणारा शब्द मराठीत नसल्यामुळे ही चूक लपून राहते. सजावटीच्या तुकड्यांत अक्षरांमधले अंतर वाढवणारा एक फार लोकप्रिय आहे. इंग्रजी शीर्षक त्याने भारदस्त दिसते, मराठी शब्दाची शिरोरेषा मात्र तुटते. ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतो.

तयार तुकड्यातला दोष किती दूर जातो, याचे पुरावे आहेत. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्थळावर २०१० मध्ये अँड्रियास लुंडब्लाड या प्रोग्रामरने बाइट्सची संख्या वाचनीय करून दाखवणारा जावाचा छोटा तुकडा दिला. पुढे संशोधकांना तो हजारो प्रकल्पांत सापडला. त्या स्थळावरून सर्वाधिक उचलला गेलेला जावाचा तुकडा तोच, असे त्या अभ्यासातून दिसले. २०१९ मध्ये खुद्द लुंडब्लाड यांनी लिहिले की त्यात चूक आहे: ९,९९,९९९ बाइट्सना तो एक मेगाबाइट न म्हणता एक हजार किलोबाइट म्हणतो. नऊ वर्षे तो जगभर उचलला जात होता. ही चूक निरुपद्रवी होती. सगळ्याच तशा नसतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अँड्रॉइडची १३ लाख ॲप्स तपासली गेली. त्यांतल्या १५.४ टक्के ॲप्समध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवरून आलेले सुरक्षेशी संबंधित तुकडे होते आणि अशा ॲप्सपैकी ९७.९ टक्क्यांत निदान एक तुकडा असुरक्षित होता. यावरून ‘नक्कल करू नका’ असा उपदेश करणारे आहेत, आणि महाविद्यालयांतून तो होतोही. मला तो व्यर्थ वाटतो. चाललेल्या चाकाचा पुन्हा शोध लावायला कोणाकडे वेळ नाही, मुदतीत काम द्यायचे असणाऱ्या वाडीतल्या मुलीकडे तर नाहीच. या अभ्यासांतून मला वेगळेच दिसते. एक चुकीचा तुकडा ज्या वाटेने हजारो ठिकाणी पोचतो, त्याच वाटेने बरोबर तुकडाही पोचू शकतो. वाट तयार आहे, त्यावर मराठीचा माल नाही.

यावर पहिला आक्षेप आजच्या काळाचा आहे: आता कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की कोड मिळतो, वह्या हव्यात कशाला? मराठी नावांसाठी म्हणून नेमके विचारले, तर ही साधने पुष्कळदा बरोबर उत्तर देतात, हे मान्य. पण मात्रा हा वेगळा वर्ग आहे हे ठाऊक नसलेला माणूस त्याबद्दल विचारणार कसा? तो ‘नाव तपासायचा कोड दे’ एवढेच म्हणतो, आणि जगात जो तुकडा सर्वाधिक फिरतो त्याच्याच वळणाचे काहीतरी त्याला मिळते. ही साधने लिहून ठेवलेल्या मजकुरावर पोसली जातात. मराठीची टिपणे कुठे लिहिलेलीच नसतील तर ती तिथेही पोचणार नाहीत. म्हणजे या साधनांमुळे वहीची गरज कमी होत नाही, उलट तिचा वाचक वाढतो.

दुसरा आक्षेप असा की लोक फॉर्म इंग्रजीतच भरतात, मग ही उठाठेव कोणासाठी? पण रमेश ज्या फॉर्मवर अडतो, त्या फॉर्मवर पुढच्या वेळी तो इंग्रजीतच लिहिणार. अडवणुकीतून लागलेल्या सवयीला आवड म्हणता येत नाही. शिवाय स्थानिक प्राधिकरणांचा कारभार मराठीतून व्हावा म्हणून विधिमंडळाने २०२२ मध्ये कायदा केला आहे, आणि लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. अर्ज मराठीत करण्याचा हक्क कायद्याने द्यायचा आणि रकान्याने काढून घ्यायचा, असे चालणार नाही. तिसरे म्हणणे, की हळूहळू सगळे आपोआप सुधारेल. रिॲक्टसारखी साधने नि मोठ्या कंपन्या बघून घेतील. अनुभव तसा नाही. कृतिदेव, शिवाजी आणि श्रीलिपीच्या काळात प्रत्येक फॉन्टचा आपला वेगळा संकेत होता. एका ऑफिसची फाइल दुसऱ्या ऑफिसात उघडली की नुसता चिन्हांचा कचरा दिसे. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे प्रमाण १९८८ मध्ये आले होते, युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, तरी तो गोंधळ नव्या शतकातही बराच काळ चालला, आणि त्या काळातला पुष्कळ मजकूर आजही शोधता येत नाही. मोठ्या साधनांनी पाया चांगला घातला आहे, हे खरे. मराठी क्रमवारी, मराठी अंक, मराठी तारखा ब्राउझरमध्ये आज आहेत. पण त्या मागाव्या लागतात, आणि मागायचे कसे हे सांगणारा कागद मराठीत नाही.

खरा जड आक्षेप चौथा आहे: अशी वही सांभाळणार कोण? सरकारी उपक्रम गाजावाजा होऊन सुरू होतात, उद्घाटनाचे फोटो छापून येतात, आणि दोन वर्षांनी त्यांच्या दुव्यावर काहीच उघडत नाही. ही भीती रास्त आहे, कारण तुकडे खरोखरच शिळे होतात. गाडीचा क्रमांक तपासणारा तुकडा घ्या: दोन अक्षरे, दोन आकडे, मग पुन्हा अक्षरे आणि चार आकडे. नागपूर ग्रामीणच्या एमएच ४० ला तो चालतो. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने बीएच मालिका आणली. त्यात सुरुवातीला वर्षाचे आकडे असतात, अक्षरे त्यानंतर. ही मालिका ज्यांच्या बदल्या होतात अशांसाठी, त्यांत संरक्षण दलांतले आणि केंद्र सरकारचे कर्मचारी आले. आणि आयुध कारखाना व वायुसेनानगर यांच्यामध्ये वसलेल्या वाडीत अशा गाड्या असणारच. जुना तुकडा त्यांना खोटे ठरवतो. अक्षरे मोजण्याचेही तसेच. ‘महाराष्ट्र’ या शब्दाची लांबी साधा जावास्क्रिप्ट दहा सांगतो, अक्षरगट मोजणारी नवी सोय वापरली तर जुने ब्राउझर सहा सांगतात, आणि २०२३ मध्ये युनिकोडने जोडाक्षरांचा नियम सुधारल्यानंतरचे ब्राउझर चार सांगतात, जे शाळेतले मूलही सांगेल. अर्जाच्या रकान्यात ‘कमाल इतकी अक्षरे’ लिहिणाऱ्याने यातला कोणता आकडा धरायचा?

म्हणून वहीतल्या प्रत्येक तुकड्यावर तपासल्याची तारीख हवी आणि शेजारी तो पारखायची नावे हवीत: रमेश, कविता, वऱ्हाडपांडे, ज्ञानेश्वर. तुकडा चुकला तर ही नावे तत्काळ दाखवतील. सारा ऐवज तीस-चाळीस तुकड्यांचा असेल, हजारांचा नाही. मराठीची म्हणून असणारी अडचण तेवढीच आहे, बाकी जगाचे जगाकडून घ्यावे. राज्य मराठी विकास संस्था १९९२ पासून आहे आणि आयआयटी मुंबईच्या सहकार्याने तिने यशोमुद्रा हा मुक्त फॉन्ट काढून दाखवला आहे, म्हणजे असले काम तिच्या कक्षेबाहेरचे नाही. वार्षिक तपासणीसाठी हिंगणा रस्त्यावरच्या महाविद्यालयांकडे मनुष्यबळ आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला ग्रंथालय व्यवस्थापन आणि हॉस्पिटल व्यवस्थापन हे दोनच विषय आलटून पालटून करण्यापेक्षा एका गटाने चाळीस तुकडे पाच ब्राउझरांत चालवून पाहिले आणि काय मोडले ते लिहिले, तर त्या अहवालाला निदान एक वाचक मिळेल.

पण वही नुसती असून भागत नाही, ती उघडण्याचे कारण लागते. ते निविदेतून येऊ शकते. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. निविदांमध्ये त्यांचा उल्लेख एका ओळीत करून विषय संपवला जातो. त्या ओळीऐवजी वाडीसारख्या नगर परिषदेने स्वीकृतीच्या चाचण्या नावानिशी लिहाव्यात: पानाची भाषा मराठी नोंदलेली आहे, मराठी नाव आणि देवनागरी मोबाइल नंबर फॉर्म स्वीकारतो, दोन्ही रीतींनी लिहिलेला ‘वऱ्हाड’ शोधात सापडतो, ऐकवणारे सॉफ्टवेअर सूचना मराठी उच्चारात वाचते. तपासायला आयटीचा अधिकारी लागत नाही. आवक-जावक पाहणारा लिपिक अर्ध्या तासात हे करू शकतो. कंत्राटदाराच्या बिलातला शेवटचा हप्ता या अर्ध्या तासाला बांधावा.